जॉब कार्डावर काय लिहिलंय?

मोटारीच्या गिअरबॉक्सबद्दल कवीने बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण माझं लहानपण नाना पेठेतलं. मोटारीचा सुटा भाग हवा असला की पुण्यातला माणूस नाना पेठ गाठतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या गल्लीत एक उस्ताद होते. ते लांब पेचकसाचं टोक चालू गाडीच्या गिअरबॉक्सवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, ‘तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय.’ खोलल्यावर तेच निघायचं. हमी काय, तर ‘पुन्हा आवाज आला तर घेऊन या, पैसे घेणार नाही.’ कागद नाही, शिक्का नाही. अशी हमी पाळली गेलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आज बोलायचं आहे ते छापील हमीबद्दल. नव्या, वेगवान गाड्या, ज्यांना आपण स्पोर्ट्‌स कार म्हणतो, त्यांच्याबरोबर वॉरंटीचं गुळगुळीत पुस्तक मिळतं आणि गिअरबॉक्स धक्के द्यायला लागला की ते पुस्तक आठवतं. ही पैसेवाल्यांची दुखणी, आपल्याला काय, असं म्हणू नका. शर्यतीच्या गाडीत आज जे तंत्र येतं ते दहा-पंधरा वर्षांत आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं असतं. आणि त्याच्यासोबत येणारी वॉरंटीची भाषाही तीच असते.

आधी यंत्र थोडं समजून घेऊ. साध्या गाडीत एक क्लच असतो. पाय दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत, सोडला की पुन्हा सोयरीक. वेगवान गाड्यांसाठी दोन क्लचांचा गिअरबॉक्स निघाला. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा, असे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच तयार ठेवलेला असतो. एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, पापणी लवायच्या आत काम होतं. हे सगळं पायाने नव्हे तर एक संगणक आणि तेलाच्या दाबावर चालणारे झडपांचे हात करतात. मोकळ्या रस्त्यावर हा प्रकार फार देखणा आहे. जणू दोन तबलजी एकमेकांची सम बरोबर पकडतात.

पण यातल्या काही गिअरबॉक्सांत क्लच कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडवून थंड ठेवलेले नसतात. आता ती गाडी विद्यापीठ चौकात आणा. एप्रिल महिना, संध्याकाळचे सहा. दोन फूट पुढे, थांबा. तीन फूट पुढे, थांबा. अशा रांगण्यात क्लच पूर्ण धरतही नाही, पूर्ण सुटतही नाही. तो घासत राहतो आणि तापतो. तापला की पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते, हिसका देते, कधी सूचनेचा दिवा लावून हातपाय गाळते. जर्मनीत शंभराच्या वेगाने पळणाऱ्यासाठी आखलेलं यंत्र आपण रांगायला लावतो. यात गिऱ्हाइकाचा काय दोष? गाडी पुण्यात विकायची तर पुण्याच्या रस्त्यावर ती चालली पाहिजे.

या जातीचा गिअरबॉक्स आपल्या दारापर्यंत आला, त्याचीही गोष्ट आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथे तयार झालेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि सात गिअरचा कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी. अस्सल स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण तरुण पोरांना परवडण्याजोग्या किमतीत त्या वेगाची चव देणारी. अनेकांनी तिच्यावर जीव लावला. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन बंद झालं तेव्हा हळहळलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

योगायोग असा, की त्याच २०१३ सालच्या १५ मार्चला, म्हणजे जागतिक ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारींवर कार्यक्रम दाखवला. चालत्या गाडीची ताकद अचानक जाते, गाडी धक्के देते, अशा त्या तक्रारी होत्या. पुढच्या काही दिवसांत कंपनीने तिथल्या ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून द्यायचं जाहीर केलं. कारण दिलं ते असं, की उष्ण आणि दमट हवेत, विशेषतः थांबत थांबत गाडी चालवली तर, त्या कृत्रिम तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकतो. उष्ण, दमट आणि थांबत थांबत! हे तीन शब्द वाचताना मला मुंबई दिसत होती. कार्यक्रम दाखवला गेला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत वर्कशॉपमधून परत पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल, याचा विचार मी करत राहिलो.

त्याचं एक उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळालं. फोर्डचा ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स तिथे फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत होता. तक्रारी खूप झाल्या. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, आणि तो गिअरबॉक्स बिघडल्याबद्दल नव्हता, तर तक्रारदारांना दिलेल्या वागणुकीबद्दल होता. गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे, असं गिऱ्हाइकांना सांगितलं जात होतं. आणि यंत्रात खोट असल्याचं कंपनीला त्या वेळी माहीत होतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. दंड शब्दांना झालेला आहे.

हे शब्द आपल्याकडेही ऐकू येतात. माझा एक भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याने परदेशातून आलेली दोन दारांची गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. चौथ्या महिन्यात गाडी गरम झाली की दुसऱ्यात अडकायला लागली. पहिल्या खेपेला जॉब कार्डावर लिहून आलं, ‘तपासणीत दोष आढळला नाही’. दुसऱ्या खेपेला ‘या मॉडेलचं हे स्वाभाविक लक्षण आहे’. तिसऱ्या खेपेला ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’. चौथ्या खेपेला गाडी अकरा आठवडे आत, कारण सुटा भाग बोटीने यायचा होता. कर्जाचा हप्ता चालू, विमा चालू, आणि वॉरंटीचा काळही चालूच. भाचा मला म्हणाला, ‘मामू, गाडी उभी आहे आणि तिची हमी मात्र पळतेय.’ पोराने आयुष्यात कविता वाचलेली नाही, पण ओळ चांगली आहे.

मी त्याच्याकडून चारही जॉब कार्डं मागून घेतली आणि वाचली. माझा धंदाच वाचण्याचा. पहिल्या कार्डावर गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून दोन शब्द होते : ‘जनरल चेकअप’. भाच्याने काउंटरवर दहा मिनिटं जीव तोडून सांगितलं होतं, ते सगळं या दोन शब्दांत मावलं होतं. उद्या कोणी तिऱ्हाइताने कागद पाहिले, तर गिअरबॉक्सची पहिली तक्रार चौथ्या महिन्यात नव्हे, तर पाचव्या महिन्यात झाली असंच दिसलं असतं. कारण दुसऱ्या खेपेलाही ‘गाडीत आवाज’ एवढंच होतं.

आपल्याकडे ‘हमी’साठी दुसरा जुना शब्द आहे, जामीन. दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठीच होऊन गेले. जामीन म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतः बांधला गेलेला माणूस. जुन्या व्यवहारात हमी म्हटलं की माणूस उभा राहायचा. विकलेल्या मालात आधीपासूनची खोट निघाली तर तो परत करण्याचा हक्क आमच्याकडच्या जुन्या फिक्‌हमध्ये आहे, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. आणि खरेदीचा पस्तावा झाला तर दहा दिवसांत माल परत करण्याची सोय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. म्हणजे ही तक्रार काही आजची नाही.

आजच्या वॉरंटीत मात्र माल परत घेण्याचा शब्द नसतो. सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलू, एवढंच असतं. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच बोट ठेवलं : वॉरंटी भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण चौथ्यांदा गिअरबॉक्स उतरवलेल्या गाडीचा मालक तो वाचून काय करणार?

आणि हमी देणाराच राहिला नाही तर? गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन जणांची छोटी उघडी गाडी निघाली. पुढे २०१२च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ झळकली, भारताची स्पोर्ट्‌स कार म्हणून तिचं कौतुक झालं. दोन्हींत इंजिन रेनॉचं. दोन्ही आज बंद. अशी गाडी हौसेने जपणारे लोक शेवटी आमच्या उस्तादांसारख्यांच्याच दारात जातात.

पण उस्तादांचेही हात आता बांधलेले आहेत. बाहेर कुठे गिअरबॉक्स खोलला की वॉरंटी गेली असं बजावलं जातं, आणि खोलला तरी संगणकाशी बोलणारं उपकरण त्यांच्याकडे नसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला, तो याच कारणावरून. सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. नाना पेठेत त्या निकालाने काही हललं, असं मला दिसलं नाही.

मग गिऱ्हाइकाने जायचं कुठे? या शहरात हा प्रश्न विचारणं जरा विचित्रच आहे. ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केली. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. नवा कायदा २०१९चा, तो जुलै २०२० पासून लागू आहे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मालाची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्याहून जास्त, दोन कोटींपर्यंत, असेल तर राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. वर्कशॉपच्या आश्वासनांवर ही दोन वर्षं कशी सरतात ते कळत नाही.

महागड्या गाड्या पुष्कळदा स्वतःच्या कंपनीच्या नावावर घेतल्या जातात. मग समोरचा वकील म्हणतो, हा ग्राहकच नाही, खरेदी व्यापारी हेतूची. डेमलर क्रायसलर इंडिया, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली मर्सिडीज बनवणारी कंपनी, हिने असाच मुद्दा लढवला होता. एका कंपनीने संचालकांसाठी घेतलेल्या गाडीत दोन सीटांमधला उंचवटा प्रमाणाबाहेर तापायचा. गाडी २००३ सालची. सर्वोच्च न्यायालयाने तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिला जुलै २०२४ मध्ये. एकवीस वर्षं! तेवढ्यात माणसाची मुलं मोठी होऊन स्वतः गाड्या चालवायला लागतात.

आयोगापुढे मोठी अडचण पुराव्याची. खोट नुसती पाहून कळत नसेल तर मालाची तज्ज्ञ प्रयोगशाळेकडून तपासणी करवण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्यातही आहे. त्याचं शुल्क तक्रारदाराला भरायला सांगितलं जाऊ शकतं. आणि एआरएआय ही देशातली मोटारींची जुनी तपासणी संस्था १९६६ पासून आपल्याच शहरात आहे. सकाळी फिरायला जाणारे तिच्या टेकडीवर रोज जातात. पण तज्ज्ञ आले त्या दिवशी गाडी थंड असली आणि रस्ता मोकळा असला, की ती लग्नातल्या नवरदेवासारखी शहाण्यासारखी वागते. मग उरतात ती जॉब कार्डं.

म्हणून श्रोतेहो, वर्कशॉपच्या काउंटरवर उभे राहाल तेव्हा समोरच्या मुलाला घाईने लिहू देऊ नका. तो वाईट नसतो. त्याच्या संगणकात तयार वाक्यं असतात, त्यातलं एक तो निवडतो. तुम्ही तुमचं वाक्य सांगा. ‘गाडी नीट चालत नाही’ असं नको. असं सांगा : अमुक तारीख, मीटर अमुक किलोमीटर, बाहेर कडक ऊन, पाऊण तास गर्दीत चालवल्यावर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना दोनदा हिसका बसला, पिवळा दिवा लागला, त्याचा फोटो सोबत आहे. ते तसंच्या तसं लिहायला लावा. ‘स्वाभाविक लक्षण’ म्हणाले तर तेही त्यांच्या सहीनिशी लेखी मागा. आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी आणून तीही तशीच वागते का, हे चालवून दाखवायला सांगा. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख दोन्ही लिहून घ्या. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि कार्डावर सही करण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा, काउंटरवरच्या बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.