दुरंगी आयव्ही : उन्हाळा पार करताना
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



नोकरी सरकारी आणि शिक्षण कृषी पदविकेचं, म्हणून मंडळाने मला झाडांवर बोलायची आज्ञा केली. विषय छोटाच घेतला आहे : दुरंगी पानांची आयव्ही. आपल्या इंदुरात हिवाळ्यात ही वेल हौसेने घरी येते आणि मे महिन्यात बऱ्याच घरची कुंडी रिकामी होते. हौस कमी पडत नाही; वेलीचा स्वभाव मात्र कुणी सांगितलेला नसतो.

आयव्ही मूळची युरोप आणि पश्चिम आशियातली, झाडांच्या बुंध्यांवर चढणारी. थंडी सोसते, आपला मे नाही. त्यात पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. म्हणजे पानाचा एक भाग कमावतो आणि दुसरा बसून खातो! म्हणून ही वेल साध्या हिरव्या आयव्हीपेक्षा सावकाश वाढते. दाट सावलीत नवी पानं हिरवट होतात, दुपारच्या उन्हात पांढऱ्या कडा करपतात. तिला पूर्वेची गॅलरी द्या : सकाळचं कोवळं ऊन, नंतर नुसता उजेड.

माळव्याची काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माती, जाड वाळू आणि गांडूळखत समभाग घ्या. बोटाचं एक पेर आत माती कोरडी लागली, तरच पाणी घाला. एप्रिल-मे मध्ये खत बंद. कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी होतो, पानावर बारीक फिकट ठिपके दिसतात. आठवड्यातून दोनदा पानं खालच्या बाजूने पाण्याने धुवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कधी कधी एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते. ती जोमदार दिसते, म्हणून आपण कौतुकाने ठेवतो. पण तिचं प्रत्येक पान पूर्ण कमावतं असल्यामुळे ती भराभर वाढते आणि दुरंगी फांद्यांना झाकून टाकते. दोन-तीन वर्षांत कुंडीत साधी हिरवी वेल उरते. अशी फांदी दिसताक्षणी मुळापासून, जिथून फुटली तिथून कापा.

एक सावधगिरी. मखराला ही पानं शोभतात, पण लहान मुलं किंवा मांजर ती तोंडात घालणार नाहीत हे पाहा. पोटात गेली तर त्रास होतो. रसाने काहींच्या हाताला खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला.

सध्याची ओलसर हवा नवी रोपं करायला उत्तम. दोन-तीन पेरांची, ठळक दुरंगी पानांची फांदी कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या बाटलीत सावलीत ठेवा. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. नवरात्रापर्यंत मुळं दिसू लागतील, आणि मे येईपर्यंत वेलीला रुजायला पुरेसे महिने मिळतील. एक रोप शेजारी द्या. एका घरची वेल गेली, तरी दुसऱ्या घरून फांदी परत आणता येते.

गणपती बाप्पा मोरया!