लाकडाचा मॅमथ

लहानपणी पतंग फाटला की आम्ही त्याला ठिगळ लावायचो. ठिगळ जाड झालं की पतंग उडायचा नाही. ही एवढीशी गोष्ट मला एका अजस्र विमानाबद्दल वाचताना आठवली.

मे १९४० मध्ये जर्मन सैनिक इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या माथ्यावरच उतरले. ना आवाज, ना चाहूल. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मग हाव सुटली. माणसं नेता येतात, तर रणगाडे का नाहीत? इंग्लंडवरची स्वारी पुढं ढकलली गेली होती, तरी १९४०च्या अखेरीस युंकर्स आणि मेसरश्मिट या कंपन्यांना राक्षसी ग्लायडर बनवायला सांगितलं गेलं. प्रत्येकी शंभरांची तयारी. एकही उडालेलं नसताना!

युंकर्सच्या वाट्याला लाकूड आलं. गंमत बघा, १९१५ पासून धातूची विमानं बनवणारी ही कंपनी! तिनं बासष्ट मीटर पंखविस्ताराचं ग्लायडर उभारलं. नाव ठेवलं मामुट, म्हणजे आपला मॅमथ. वीस टन ओझं नेण्याचा बेत होता. चाचणीसाठी रणगाडा आत चढवला आणि तो तळाच्या फळ्या मोडून खाली आला. मग तळ मजबूत केला. मजबूत केला म्हणून वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून ओझं अकरा टनांवर आलं. आमच्या ठिगळाचीच गत.

एप्रिल १९४१ मध्ये मेर्सेबुर्गला चार इंजिनांच्या विमानानं मामुटला दोरानं ओढलं. ते उडालं खरं, पण इतकं डोलू लागलं की ओढणाऱ्या विमानाचीच शेपटी वर खेचली गेली. दोर सोडला म्हणून दोघं वाचली. मामुट एका शेतात उतरलं. परत आणायला रणगाडे लावावे लागले. ज्यानं रणगाडे वाहायचे, त्यालाच रणगाड्यांनी ओढत आणलं. मे महिन्यात काम थांबलं. तयार झालेलं, अर्धवट राहिलेलं सगळं कापून त्याचं सरपण केलं.

मेसरश्मिटचं गिगांट पोलादी नळ्यांचं होतं. ते चाललं, पण त्याला ओढायला तीन-तीन विमानं एकदम लागत. तिघांपैकी एकाचं जरा चुकलं, तर आतल्या माणसांचं काय? अपघात झाले, माणसं गेली. मग दोन बॉम्बर विमानं जोडून, मधे पाचवं इंजिन बसवून, ओढण्यासाठी एक जुळं विमान बनवण्यात आलं. एका अचाट गोष्टीसाठी दुसरी अचाट गोष्ट.

शेवटी गिगांटलाच सहा फ्रेंच इंजिनं बसवली. दोर गेला, ग्लायडरपण गेलं, शांतताही गेली. २२ एप्रिल १९४३ रोजी ट्युनिशियातल्या फौजेसाठी पेट्रोल घेऊन निघालेला त्यांचा ताफा भूमध्य समुद्रावर लढाऊ विमानांच्या तावडीत सापडला. एवढी मोठी, संथ विमानं. लपणार कुठं?