प्राचार्य टॉमस चार्ल्स एडवर्ड्‌स

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ येथे एका रेल्वे-ठेकेदाराने भव्य हॉटेल बांधावयास घेतले. पण ते पुरे होण्यापूर्वीच त्याचे दिवाळे निघाले. १८६७ साली ती वास्तू अवघ्या दहा हजार पौंडांस खरेदी करण्यात आली आणि ऑक्टोबर १८७२ मध्ये तेथे 'युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ वेल्स' सुरू झाले. विद्यार्थी होते सव्वीस. प्राचार्यपदी आले टॉमस चार्ल्स एडवर्ड्‌स. वय पस्तीस, शिक्षण ऑक्सफर्डचे, आणि तोवरचा व्यवसाय लिव्हरपूल येथे धर्मोपदेशकाचा.

त्यांचे वडील ल्यूइस एडवर्ड्‌स यांनी बाला येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले ते १८३७ साली, म्हणजे याच पुत्राच्या जन्मवर्षी. त्यांच्या कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचे नाव भारताच्या ईशान्य भागात आजही परके नाही. या पंथाचा पहिला मिशनरी १८४१ साली खासी टेकड्यांत आला होता.

महाविद्यालयास पहिली दहा वर्षे सरकारी अनुदान नव्हते. चर्चमंदिरांतून वर्गणी गोळा होई. १८७५ मध्ये सुमारे सत्तर हजार लोकांनी आपला वाटा दिला. त्यांत खाणकामगार होते, शेतमजूर होते. प्राचार्य आठवडाभर ग्रीक शिकवीत आणि निधीसाठी गावोगाव फिरत. लोक प्रवचन ऐकावयास येत व जाताना महाविद्यालयासाठी पैसे देऊन जात. विद्वत्तेच्या दृष्टीने हा तोटाच म्हणावा लागेल. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रावरील त्यांचे भाष्य १८८५ साली प्रसिद्ध झाले. इतके चांगले लिहिणाऱ्याने आणखी कितीतरी लिहावयास हवे होते.

पण त्या वर्षी निराळेच संकट उभे होते. वेल्सला उत्तरेस एक व दक्षिणेस एक अशी दोन महाविद्यालये पुरेत, असा सरकारी समितीचा अभिप्राय १८८१ मध्येच पडला होता. त्यानुसार १८८३ मध्ये कार्डिफ व १८८४ मध्ये बँगोर येथे महाविद्यालये निघाली. मधल्या ॲबरिस्टविथची गरज काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. अशात जुलै १८८५ मध्ये इमारतीस आग लागली. तीन माणसे प्राणास मुकली आणि उत्तरेकडील भाग जळून गेला.

संस्था बंद करावयास याहून सोयीचे निमित्त कोणते? पण प्राचार्यांनी तसे होऊ दिले नाही. गावातल्या दुसऱ्या एका हॉटेलात वर्ग भरविले गेले, आणि त्यांची भ्रमंती पुन्हा सुरू झाली. ज्यांनी पूर्वी दिले होते त्यांनीच पुन्हा दिले. त्याच वर्षी सरकारनेही कार्डिफ व बँगोर यांच्या बरोबरीने वार्षिक चार हजार पौंड मंजूर केले. १८८९ मध्ये राजसनद मिळाली.

१८९१ साली एडवर्ड्‌स ॲबरिस्टविथ सोडून वडिलांच्या बाला येथील विद्यालयाचे प्रमुख झाले. १८९३ मध्ये वेल्स विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या तीन घटक महाविद्यालयांत ॲबरिस्टविथ होते. प्राचार्य मात्र त्या वेळी बालाच्या लहानशा वर्गांत धर्मशास्त्र शिकवीत होते. १९०० साली ते निवर्तले.