इंजिनाच्या पोटांतील पाणी

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके संत्र्यांच्या बागांचे. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे डिसेंबरांत बागेचें पाणी तोडतात, झाडें कांहीं आठवडे ताणावर ठेवतात, आणि ताण पुरेसा बसला कीं पहिलें पाणी देऊन तो मोडतात. या पाण्याची वेळ चुकली तर फुलोऱ्याचें गणित चुकतें. विहिरींवर आतां बहुधा विजेचे पंप दिसतात. तथापि वीज ऐन वेळीं दगा देते हें जाणून कित्येक बागाईतदार जुनें तेल-इंजिन छपराखालीं ठेवून असतात. ताणाच्या दिवसांत तें निजून असतें. मग उठवण्याचा दिवस येतो, तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहावी तों तेल वाढलेलें! बंद इंजिनांत तेल आपण होऊन वाढत नाहीं. वाढलें तें बहुधा पाणीच.

हीं इंजिनें जातीचीं दणकट. इंग्लंडांतील डर्स्ले गांवच्या लिस्टर कारखान्याचें मिनिटाला सुमारें ६०० फेरे घेणारें संथ इंजिन, साताऱ्याच्या कूपर कारखान्याचीं इंजिनें, आणि पुढें १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचीं, हीं सर्व एकाच तत्त्वावर चालतात. सिलिंडरांत हवा सोळा-सतरा पट दाबली जाऊन तापते, तींत तेलाचा फवारा पडतो आणि तो पेटतो. सिलिंडर फार तापूं नये म्हणून त्याच्या भोंवतीं पाणी खेळवलेलें असतें. म्हणजे आग, तेल आणि पाणी हीं तिघें बोटभर जाडीच्या बिडाआड शेजार करून राहतात. शेजारधर्म बिघडतो तो येथेंच.

हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. पिस्टनच्या डोक्यावर वाटीभर पाणी सांचलें असतां कोणी जोरानें हॅण्डल मारलें आणि इंजिन पेटलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो. क्वचित् सिलिंडरही फुटतो. म्हणून पहिला नियम असा कीं, संशय येतांच इंजिन चालू करावयाचें नाहीं. नोझल काढून ठेवावें, तोंड बाजूला ठेवावें आणि हॅण्डल सावकाश फिरवावें. त्या भोंकांतून पिचकारी उडाली तर पाणी वर आहे हें ठरलें.

मिस्त्री आला कीं बहुधा प्रथम हेड उघडतो आणि ग्यासकेट बदलतो. ही घाई महागांत पडते, कारण पाण्याला आंत शिरावयास वाटा अनेक आहेत, आणि एकदां हेड उचललें कीं कोणत्या वाटेनें तें आलें याचा पुरावाच नाहींसा होतो.

आधीं तेलाकडे पाहावें. पाणी तेलाहून जड. रात्रभर स्थिर राहिलेल्या इंजिनाचें तळाचें बूच किंचित् सैल केलें तर पाणीच आधीं गळतें. निव्वळ पाणी आलें तर तें इंजिन बंद असतांना उतरलें. तेल ताकासारखें पांढुरकें झालें असेल तर इंजिन चालत असतांनाही पाणी येत होतें. संशय उरल्यास थेंबभर तेल तापल्या तव्यावर टाकावें. पाणी असेल तर मोहरीसारखें तडतडतें. मात्र झांकणाखालीं चार थेंब दिसले म्हणून भिण्याचें कारण नाहीं. थोडा वेळच चालवलेल्या इंजिनांत वाफ गार होऊन इतकें पाणी सांचतेंच.

मग खरी परीक्षा. चेंबरच्या बाजूची झडप उघडावी, सिलिंडरभोंवतींचें पाणी भरून त्याची टाकी हातभर उंच ठेवावी, आणि खालून विजेरीच्या उजेडांत पाहत बसावें. तास-दोन तास लागले तरी बसावें. लायनरच्या बाहेरच्या कडेनें थेंब आले तर खालच्या रबरी कड्या कुजल्या आहेत; हेडचा कांहीं अपराध नाहीं. थेंब लायनरच्या आंतल्या अंगानें, पिस्टनच्या बाजूनें, आले तर वाट वरची : ग्यासकेट, हेडला गेलेली चीर, किंवा खुद्द लायनरचें भोंक. दोन्हींकडे कोरडें राहिलें तर धुराच्या नळीकडे वळावें. छपरावर उभी काढलेली उघडी नळी अवकाळी पाऊस थेट सिलिंडरांत उतरवते.

ग्यासकेटचा संशय आणखी एका रीतीनें पारखतां येतो. पिस्टनवर पाणी नाहीं याची खात्री झाल्यावर पंपाची जोडणी सोडावी, जेणेंकरून त्यानें ओढलेल्या हवेचा घोटाळा नको, आणि साठलेल्या पाण्यावर इंजिन अर्धा मिनिट चालवावें. पाण्यांतून बुडबुडे आले तर ती ज्वलनाची हवा होय.

कोंकण किनाऱ्यावरील होड्यांच्या इंजिनांना हाच रोग असतो. कांहीं होड्यांत मात्र त्याला एक दार अधिक. तेथें धूर गार करण्यास समुद्राचें पाणी नळींत सोडतात, आणि जुनी बिडाची नळी आंतून गंजली कीं खारें पाणी उलट सिलिंडरांत येतें. वर्ध्याकडे खारें पाणी नाहीं, पण काळ्या खडकांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड. तपेल्याच्या बुडाशीं जो पांढरा थर बसतो तोच इंजिनांतही बसतो. थराखालचें बीड अधिक तापतें. त्यांत पाण्यावांचून तापलेल्या इंजिनावर कोणी विहिरीचें गार पाणी एकदम ओतलें कीं हेड चिरतें.

गळती बुजवल्यावर जुनें तेल सगळें काढावें. नवें घालून इंजिन चांगलें तापेपर्यंत चालवावें, आणि तेंही गरम असतांनाच काढून टाकावें; सांदीकोपऱ्यांतील पाणी त्याबरोबर निघतें. तिसऱ्यांदा भरलेलें तेल कामाचें. पाट सुटण्यापूर्वींचा एक दिवस त्यांत जातो.