न उचललेल्या कर्जाचा हिशेब

(वर्तकनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



येथून जवळच वागळे इस्टेट आहे. पगारवाढीची बोलणी सुरू झाली की कामगाराला एक ठरलेले उत्तर मिळते : ‘पैसाच नाही.’ ते खरे की खोटे, हे ताळेबंदावरून कळेल असे आपण धरून चालतो. परंतु कर्जाच्या बाबतीत ताळेबंद अर्धीच हकीकत सांगतो.

समजा, बँकेने कारखान्याला १० कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली आणि ३१ मार्च रोजी त्यांतील ६ कोटी उचललेले आहेत. ताळेबंदात ६ कोटीच दिसतील. उरलेले ४ कोटी हा बँकेने दिलेला शब्द आहे. बँकेच्या दृष्टीने ती बांधिलकी, मालकाच्या दृष्टीने हाताशी असलेले बळ. ही शिल्लक मर्यादा जाहीर करण्यास हिशेबाचे मानक कंपनीला उत्तेजन देते. सक्ती मात्र करीत नाही.

प्रश्न जुनाच आहे. १९७९ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या चोरे समितीने याच पद्धतीची चिकित्सा केली. मोठ्या उद्योगांनी मर्यादा मंजूर करून घ्यावी, सोयीने उचल करावी आणि पैसा केव्हा लागेल याचा अंदाज बँकेने बांधीत बसावे, असा तो व्यवहार होता. ठेवी सामान्यांच्या, पण त्यांच्या विनियोगाची सूत्रे ऋणकोच्या हाती! पुढे २०१८ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने नियम केला की, १५० कोटी वा अधिक मर्यादेच्या ऋणकोंबाबत न उचललेल्या रकमेचा २० टक्के भाग कर्जासमान मानून बँकेने त्यामागे भांडवल राखावे. दिलेला शब्द हीदेखील जोखीम आहे, याचीच ही कबुली होय.

शब्द वहीत न नोंदल्यास काय होते, तेही त्याच वर्षी फेब्रुवारीत दिसले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी हमीचे संदेश गेले. बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीत त्यांची नोंदच नव्हती. प्रथम सुमारे ११,४०० कोटींचा सांगितलेला आकडा पुढे १३,००० कोटींवर गेला. बँक सार्वजनिक मालकीची असल्याने भार अखेर जनतेवरच पडला.

मग आपण काय करावे? ताळेबंदाखालील ‘संभाव्य देणी व बांधिलक्या’ ही टिपणी आधी वाचावी. बँकेला दिलेली तिमाही विवरणपत्रे वह्यांशी जुळतात काय, हे २०२१ पासून कंपनीला सांगावे लागते, ते पाहावे. कंपनी निबंधकाकडे मालमत्तेवरील बोजाची नोंद असते. ती फी भरून कोणालाही पाहता येते. कंपनीचे पतमानांकन झालेले असेल, तर मर्यादेचा सरासरी किती वापर झाला हे त्या अहवालात बहुधा सापडते.

एक सावधगिरी मात्र हवी. शिल्लक मर्यादा म्हणजे नफा नव्हे. ती उचलली की कर्ज होते, आणि मालाचा साठा घटला की तीही आटते. तिच्यावर बोनसची मागणी उभारणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु मर्यादा मोकळी असता ‘या महिन्याचा पगार देता येत नाही’ असे कोणी म्हणाले, तर कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. उलट बारा महिने ती काठोकाठ भरलेली असेल, तर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी. टाळे लागल्यानंतर वाचलेला ताळेबंद कोणाच्याच उपयोगाचा नसतो.