दंतधावन आणि मिश्रीचा डबा



वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्याध्यायात दंतधावनाचा विधी दिला आहे. काडी बारा अंगुळे लांब व करंगळीच्या टोकाएवढी जाड असावी. वड, खैर, करंज, अर्जुन अशा तुरट, तिखट वा कडू रसाच्या झाडाची असावी. तिचे टोक चावून मऊ कुंचल्यासारखे करावे. दात सकाळी घासावेत आणि भोजनानंतरही. हिरड्यांस इजा होऊ देऊ नये, असेही त्याने बजावले आहे. विटेची भुकटी किंवा कोळसा बोटाने रगडणारे आपण तेवढेच नेमके विसरलो. रगडून झिजलेले दातांवरचे कवच पुन्हा वाढत नाही. जीभ खरवडण्यासाठी चरकाने सोन्यारुप्यापासून पितळेपर्यंतच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. आपल्याला दातवणाचीच उभी चिरलेली काडी पुरे.

परंतु आज मुख्यतः बोलावयाचे आहे ते मिश्रीविषयी. 'ही तर पूर्वापार चालत आलेली रीत,' असे आजीबाई सांगतात. तंबाखू या देशात पोर्तुगिजांनी आणली; वाग्भट त्याच्या कित्येक शतके आधीचा. तेव्हा तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू हे दातवण नव्हे, व्यसन आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचे ते एक कारण आहे. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोहोचत नाही. तेथे पोहोचते ते मूल. वर्गात कोणाचे बोट काळे दिसले, तर चारचौघांत विचारू नये; आईला शाळेत बोलावून शांतपणे सांगावे. अर्थात गुरुजींच्या स्वतःच्या खिशात चंची असेल, तर त्या सांगण्याला काय किंमत!

आणखी एक गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात, आणि किडली तरी 'पडायचीच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. लहान मुलाच्या हातातील काडी तेथवर नीट पोहोचत नाही. मऊ ब्रश पोहोचतो, आणि पेस्टमधील फ्लोराइड काडीत नसते. यास्तव पहिली-दुसरीच्या मुलांना ब्रशच सुचवावा.

भोजनोत्तर मुखशुद्धीस मात्र काहीच खर्च नाही. दुपारच्या खिचडीनंतर ताट धुण्याआधी प्रत्येक मुलाने नळाशी दोन-तीन खळखळून चुळा भराव्यात. पाळीने एका मुलाने रांगेवर लक्ष ठेवावे.