हवा कुठून निसटते?



नववीच्या विज्ञान प्रदर्शनात माझं हॉवरक्राफ्ट जागचं हललं नव्हतं. तुम्ही सगळे हसलात. सर हसले नाहीत. पुठ्ठ्याखाली हात घालून म्हणाले, "हवा कुठून निसटते, ते आधी शोध." बक्षीस मात्र दिलं नाही. मी घरी जाऊन मॉडेल फोडलं आणि वर्षभर सरांना टाळलं.

पुढे क्रिस्टोफर कॉकरेल यांच्याविषयी वाचलं. १९५५ मध्ये त्यांनी एका डब्यात दुसरा डबा बसवून मधल्या फटीतून हवा सोडली, आणि खालच्या तराजूवर दाब वाढलेला दिसला. २५ जुलै १९५९ ला त्यांचं एसआर-एन-१ कॅलेहून डोव्हरला पोहोचलं. पण ते वीतभरच उचललं जाई. लाटांपुढे तेवढं पुरेना. मग कडेला लवचीक झालर आली आणि हवा कोंडून राहू लागली. सरफेस इफेक्ट जहाजात हेच काम दोन्ही बाजूंच्या पाण्यात बुडालेल्या ताठ भिंती करतात. झालर फक्त पुढे-मागे.

म्हणजे सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं!

सर, तुम्ही आज पुढच्या रांगेत आहात. नोकरीत काहीही अडलं की मी आधी तुमचाच प्रश्न विचारतो. माफी मागायला चाळीस वर्षं उशीर झाला, एवढंच.